घरचं शिल्लक इंटरनेट भाड्याने देऊन कमाई: कुणी करतंय का? सुरक्षित आहे का?

ढोकाळीची मीनल
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या आठवड्यात एक मेसेज फिरला. "तुमचं वाय-फाय रात्रभर नुसतं पडून असतं, ते कामाला लावा, घरबसल्या महिन्याला पाच हजार कमवा." खाली एका ॲपची लिंक आणि पाठवणाऱ्याचा रेफरल कोड. बी विंगमधल्या दोन घरांनी ते घेतलंय आणि आता लिफ्टमध्ये भेट झाली की "तुम्ही कधी घेताय?" असं विचारणं चालू आहे.

आमचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा, १४९९ अधिक जीएसटी. यांचं आठवड्यातले तीन दिवस घरून काम असतं (ऐरोलीला ऑफिस, बँकेचं काम), लेकीचे अकरावीचे ऑनलाइन क्लास आणि संध्याकाळी सासूबाईंच्या मालिका. एवढं सगळं धरूनही महिन्याला ४०० जीबीच्या वर आमचा वापर जात नाही, मर्यादा मात्र ३३०० जीबीची. म्हणजे बरंच वाया जातंय हे खरं आहे.

ते ॲप म्हणतं की तुमची माहिती आम्ही बघत नाही, फक्त न वापरलेली बँडविड्थ (म्हणजे नेटची शिल्लक क्षमता) घेतो आणि जीबीच्या हिशेबाने डॉलर देतो. मला तीन गोष्टी कळायला हव्यात. पैसे खरंच मिळतात का, घरातल्या फोन-लॅपटॉपला धोका आहे का, आणि उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची? यांनी सरळ "नको" म्हटलंय, पण कारण विचारलं की "मला बरं वाटत नाही" एवढंच सांगतात. मला कारण हवंय.


निखिल_कोपरखैरणे
सोमवार, रात्री १०:१५

ताई, मी वापरतो. जुना अँड्रॉइड फोन चार्जरला लावून कपाटावर ठेवलाय, त्यावर असंच एक ॲप चालू असतं. पैसे येतात, बुडवलेले नाहीत. पण पाच हजार विसरा. महिन्याला साधारण दोन-तीन डॉलर जमतात, कधी त्याहून कमी. किमान रक्कम जमल्याशिवाय काढता येत नाही, त्यामुळे बराच काळ आकडा नुसता स्क्रीनवर वाढताना दिसतो. ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्याला रेफरलचा वाटा मिळतो, म्हणून तो पाच हजार म्हणतोय.

धोका मला तरी जाणवलेला नाही. कंपनी म्हणते की त्यांची गिऱ्हाइकं म्हणजे किमती तपासणाऱ्या आणि जाहिराती नीट दिसतात का ते बघणाऱ्या कंपन्या. कॉलेजच्या खर्चातला मोबाइल रिचार्ज निघतो, म्हणून मी चालू ठेवलंय.


ऐरोलीकर
मंगळवार, सकाळी ७:०५

मीनलताई, मी नेटवर्कच्या कामात आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण त्या मेसेजमध्ये मुद्द्याची गोष्ट सांगितलेलीच नाही.

तुम्ही फोनवर किंवा लॅपटॉपवर ते ॲप टाकलं की ते कंपनीच्या सर्व्हरशी एक जोडणी उघडून ठेवतं. जोडणी आतून बाहेर जाते, त्यामुळे राउटरमध्ये काही बदलावं लागत नाही आणि राउटर तिला अडवतही नाही. मग कंपनीचं गिऱ्हाइक जगात कुठेही बसून एखादी वेबसाइट मागतं. ती मागणी त्या जोडणीवरून तुमच्या घरात येते, तुमच्या राउटरमधून बाहेर पडते, उत्तर त्याच वाटेने परत जातं. समोरच्या वेबसाइटला दिसतं काय? ठाणे-मुंबईकडच्या एका घरगुती ग्राहकाने पान उघडलं. याला रेसिडेन्शियल प्रॉक्सी म्हणतात.

आता विचार करा, गिऱ्हाईक यासाठी पैसे का मोजतं. नुसती बँडविड्थ हवी असेल तर ती डेटा सेंटरमध्ये (कंपन्यांचे सर्व्हर ठेवायच्या जागेत) कितीतरी स्वस्त मिळते. आमच्या ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात तर डेटा सेंटरांच्या इमारतीच इमारती उभ्या आहेत. पण डेटा सेंटरचे आयपी पत्ते (इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला ओळखणारे क्रमांक) वेबसाइटना ओळखू येतात आणि त्या त्यांना अडवतात. घरगुती पत्त्यावर मात्र विश्वास ठेवला जातो. तो विश्वास ठेवण्याजोगा पत्ता हा खरा माल आहे आणि तो तुमच्या नावाने, तुमच्या केवायसीवर घेतलेला आहे. आपली स्कूटर रोज रात्री अनोळखी माणसांना चालवायला द्यायची, नंबरप्लेट आपलीच ठेवून, असा हा प्रकार.

पैशाचं गणित सांगतो. यातलं पॅकेटस्ट्रीम हे जीबीला १० सेंट देतं असं त्यांनी स्वतःच जाहीर केलेलं आहे. डॉलर ९० रुपयांचा धरला तर एका जीबीला ९ रुपये. पाच हजार मिळवायला महिन्याला साडेपाचशे जीबी लोकांनी तुमच्या घरातून ओढायला हवेत. तुमच्या मर्यादेत ते बसतात, पण मागणी तेवढी येत नाही. निखिलचा आकडा म्हणूनच खरा वाटतो. कंपनी मात्र तोच जीबी गिऱ्हाइकाला याच्या कितीतरी पट दराने विकते.

विजेचंही बघा. लॅपटॉप ३० वॅटचा धरला आणि चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला साधारण २२ युनिट होतात. महावितरणचे सगळे आकार धरून दहा रुपये युनिट पकडलं तरी सव्वादोनशे रुपये गेले. जुना डेस्कटॉप ८० वॅटचा असेल तर साधारण ५८ युनिट. म्हणजे निखिलसारखा जुना फोन नसेल तर हा धंदा पहिल्या बिलातच जेमतेम बरोबरीत येतो किंवा तोट्यात जातो.


निखिल_कोपरखैरणे
मंगळवार, सकाळी ८:२०

गणित मान्य. पण दादा, जे जातं-येतं ते एचटीटीपीएसमध्ये (वेबसाइटशी होणारं बोलणं कुलूपबंद करणाऱ्या पद्धतीत) बंद असतं ना? माझ्या फोनमधलं कुणी काही वाचू शकत नाही. आणि किमती तपासणं, सर्च रिझल्ट बघणं हे तर कायदेशीर काम आहे. सगळ्यांनाच चोर का समजायचं?


ऐरोलीकर
मंगळवार, दुपारी १:३०

निखिल, सगळे चोर नाहीत, हे बरोबर आहे. प्रवासाच्या तिकिटांचे दर वेगवेगळ्या शहरांतून बघणं, आपली जाहिरात बोगस साइटवर तर दाखवली जात नाही ना हे तपासणं, अशी कामं या वाटेने रोज होतात आणि अनेक कंपन्या गिऱ्हाइकाची ओळखही तपासतात.

पण एचटीटीपीएसची दुसरी बाजू बघ. गिऱ्हाईक आणि वेबसाइट यांच्यातलं बोलणं बंद पाकिटात असतं, म्हणजे तुझ्या घरातून काय गेलं ते तुलाही दिसत नाही. कुणी दर बघितले की कुणाच्या ईमेल खात्यावर चोरीचे पासवर्ड एकामागून एक लावून बघितले, हे तुला कळायला मार्ग नाही. कंपनीला तुझ्यापेक्षा जास्त कळतं आणि ती सांगते तेवढ्यावर तुला विसंबावं लागतं.

हे नुसतं भीती घालणं नाही. २०१५ मध्ये होला नावाचं फुकट व्हीपीएन (आपला खरा पत्ता लपवून दुसरीकडचा दाखवणारं ॲप) गाजलं होतं. लोक परदेशातले व्हिडिओ बघायला ते टाकत होते आणि तीच कंपनी ल्युमिनाटी या नावाने त्या लोकांची जोडणी पैसे घेऊन दुसऱ्यांना वापरायला देत होती. एका इंटरनेट मंचावर त्याच वाटेने हल्ला झाला, तेव्हा हे जगासमोर आलं. वापरणाऱ्या बहुतेकांना आपली जोडणी परक्यांचं बाहेर पडायचं दार झालीय याची कल्पना नव्हती.

दुसरं उदाहरण अलीकडचं. ९११ एस५ नावाचं जाळं अमेरिकेच्या न्याय विभागाने मे २०२४ मध्ये मोडलं आणि ते चालवणाऱ्या चिनी नागरिकाला सिंगापूरमध्ये अटक झाली. मास्क व्हीपीएन, ड्यू व्हीपीएन अशी फुकट ॲप वाटून त्यांनी १९० हून अधिक देशांतल्या घरगुती संगणकांचे १ कोटी ९० लाख आयपी पत्ते गोळा केले होते आणि ते भाड्याने दिले. कोविडच्या काळात अमेरिकेत बेकारी भत्त्याचे खोटे अर्ज याच वाटेने गेले. फसवणुकीचा आकडा तिथल्या यंत्रणेने ५९० कोटी डॉलरच्या वर सांगितला. ज्यांचे पत्ते वापरले गेले ती तुमच्या-आमच्यासारखी घरं होती.

तुझ्या ॲपमध्ये आणि त्यात फरक आहे. तुझं ॲप तुला विचारून घेतं आणि पैसे देतं. पण पलीकडे बसलेला गुन्हेगार दोन्हीकडे घरगुती पत्ताच शोधत असतो.


जुना वाशीकर
मंगळवार, संध्याकाळी ६:५०

मी सहसा वाचतो, लिहीत नाही. पण हा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण आमच्या नवी मुंबईने हे एकदा अनुभवलेलं आहे आणि नव्या लोकांना ते ठाऊक नसावं.

२६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोटांची मालिका झाली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. त्या ईमेलचा आयपी पत्ता शोधत एटीएस पोहोचली ती आमच्या सानपाड्यातल्या एका इमारतीत. तिथे एक अमेरिकन गृहस्थ भाड्याने राहत होते. त्यांचं वाय-फाय पासवर्डशिवाय उघडं होतं आणि कुणीतरी ते वापरून ईमेल पाठवला होता. त्यांचे संगणक तपासणीसाठी गेले, चौकश्या झाल्या, महिनाभर वर्तमानपत्रांत त्यांचं नाव आणि इमारतीचा फोटो. पुढे त्या गृहस्थांचा त्यात हात नव्हता, त्यांच्या जोडणीचा गैरवापर झाला होता, असंच निघालं.

त्या दिवसांत वाशी-सानपाड्यातल्या सोसायट्यांमध्ये नोटिसा लागल्या होत्या, वाय-फायला पासवर्ड लावा म्हणून. पोलीस बैठका घेत होते. २००९ मध्ये दूरसंचार विभागानेही वाय-फाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या. आम्ही मुलांना शिकवलं की दार उघडं ठेवू नका. आता तीच मुलं पैसे घेऊन दार उघडं ठेवतायत हे बघून मला मनापासून काळजी वाटते. निखिल, बाळा, राग मानू नकोस. तुझ्या वडिलांच्या नावावर जोडणी असेल तर बोलावणं त्यांना येईल.


निखिल_कोपरखैरणे
मंगळवार, रात्री ९:००

काका, राग नाही. जोडणी बाबांच्याच नावावर आहे. त्यांना मी ॲपबद्दल सांगितलेलं नाही. सानपाड्याचं मला खरंच माहीत नव्हतं.


वकील_नौपाडा
मंगळवार, रात्री ११:१०

वाशीकर काकांनी योग्य ठिकाणी बोट ठेवलं. मी ठाणे न्यायालयात काम करते, त्यातला मला दिसणारा भाग लिहिते.

आयपी पत्ता हा गुन्हा सिद्ध करणारा पुरावा नव्हे, पण तपासाची पहिली पायरी तोच असतो. सायबर पोलीस इंटरनेट कंपनीला अमुक पत्ता, अमुक वेळ, कोण ग्राहक, असं विचारतात. कंपन्यांना ही नोंद ठेवावीच लागते. डिसेंबर २०२१ पासून परवान्यातल्या अटीनुसार किमान दोन वर्षं. यालाच बोलीभाषेत आयपीडीआर काढणं म्हणतात. हल्ली एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, पण पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यावरच्या जोडण्या वेगळ्या ओळखणारा आकडा) आणि नेमकी वेळ दिली की कंपनी तुमच्या घरापर्यंत पोहोचते. तेव्हा "आमचा आयपी सामायिक आहे, आम्हाला काय होतंय" यावर भिस्त ठेवू नका.

पुढे काय होतं? माहिती किंवा उपकरण हजर करण्याची नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली येऊ शकते, चौकशीला हजर राहण्याची कलम ३५(३) खाली. बहुतेक वेळा नोटीस हातात पडते तेव्हा घरच्यांना काहीच कळत नाही. खाली लिहिलेलं असतं माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ६६सी, ६६डी. म्हणजे दुसऱ्याची ओळख वापरणं आणि संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणं. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. लहान मुलांविषयीच्या अश्लील मजकुराचं कलम ६७बी असेल तर मामला आणखी गंभीर. प्रामाणिक माणूस यातून सुटतो, सुटायलाच हवा. पण लॅपटॉप, फोन, हार्ड डिस्क पंचनाम्यात गेली की न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून ती परत यायला वेळ लागतो. लेकीच्या परीक्षेच्या तोंडावर घरातली सगळी उपकरणं गेली तर काय, याचा विचार मीनलताईंनी करावा.

आता सानपाड्याच्या प्रकरणातला आणि यातला फरक. तिथे गैरवापर मालकाला न कळत झाला होता. इथे तुम्ही अटी मान्य करून, पैसे घेऊन अनोळखी माणसांना तुमच्या जोडणीवरून जाऊ देता. "मला माहीत नव्हतं" म्हणताना मागे तो करार उभा असतो. काही जण म्हणतात की कायद्याच्या कलम ७९ मध्ये मध्यस्थाला संरक्षण आहे, मग आम्हीही मध्यस्थच. ते संरक्षण योग्य ती दक्षता घेणाऱ्याला आहे. कपाटावर ठेवलेल्या फोनमधून कोण गेलं याची एकही नोंद तुमच्याकडे नसते, तर दक्षता घेतली हे न्यायालयात दाखवणार कशाने?

शिवाय तुमच्या इंटरनेट कंपनीशी असलेला करार काढून वाचा. घरगुती प्लॅन बहुधा घरगुती वापरासाठीच असतो आणि पुनर्विक्रीला त्यात मनाई असते. त्या अटीवर जोडणी बंद झाली तर ग्राहक आयोगात जाऊनही तुमची बाजू लंगडी पडेल.


प्राजक्ता_घणसोली
बुधवार, सकाळी ९:३०

मीनल, वर सगळ्यांनी पोलीस-कोर्टाचं लिहिलं, मी तुझ्या मिस्टरांच्या नोकरीबद्दल लिहिते. मी स्वतः एका कंपनीच्या माहिती-सुरक्षा विभागात आहे. बँकेचं काम घरून करणाऱ्याच्या नेटवर्कवर असलं ॲप चालत असेल तर तो सरळ नियमभंग धरला जाऊ शकतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर ॲप नसलं तरी. कारण कामाचं लॉगिन ज्या पत्त्यावरून येतं त्याच पत्त्यावरून दिवसभर परक्यांची रहदारी चालू असते. तो पत्ता एखाद्या प्रॉक्सी-यादीत चढला की बँकेची यंत्रणा तुझ्या मिस्टरांचं लॉगिन संशयास्पद म्हणून अडवणार आणि मग स्पष्टीकरण त्यांना द्यावं लागणार. त्यांचं "बरं वाटत नाही" मला पूर्ण पटतं. त्यांच्या रोजीरोटीशी संबंध आहे, तेव्हा या एका कारणासाठीच मी नाही म्हणेन.

आणखी एक. ॲप घरातल्या नेटवर्कच्या आत बसलेलं असतं. कंपनीने आतल्या पत्त्यांकडे जाणाऱ्या मागण्या काटेकोरपणे अडवल्या नसतील, तर बाहेरचा माणूस त्या ॲपमधून तुझ्या राउटरचं लॉगिन पान, कॅमेरा, प्रिंटर यांच्यापर्यंत पोहोचू शकतो. राउटरचा पासवर्ड अजून मूळचाच असेल तर आज बदल, ॲप घे किंवा नको घेऊस.


केबलवाला_कळवा
बुधवार, दुपारी ४:१५

आम्ही कळव्यात लोकल इंटरनेट देतो, तर आमच्या बाजूचं सांगतो. आमच्याकडे एका सार्वजनिक आयपीवर अनेक घरं असतात. एका घरातून असली रहदारी गेली आणि तो आयपी काळ्या यादीत गेला की त्याच्यावरच्या सगळ्या घरांना त्रास. साइट उघडली की "तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा", ट्रॅफिक लाइट आणि झेब्रा क्रॉसिंगची चित्रं निवडत बसा. ओटीटी म्हणतं प्रॉक्सी बंद करा. कुणाचं तिकीट बुकिंग अडकतं. फोन आम्हाला येतात, शिव्या आम्हाला पडतात, आणि कारण चौथ्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी जुन्या फोनमध्ये असतं. वरच्या कंपनीकडून गैरवापराची तक्रार आली तर आम्हाला ते कनेक्शन शोधून थांबवावंच लागतं. तेव्हा शेजाऱ्यांचाही विचार करा, ही विनंती.


ढोकाळीची मीनल
बुधवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. वकीलताई आणि प्राजक्ता, तुमचे प्रतिसाद यांना वाचून दाखवले. ॲप घेणार नाही हे नक्की झालं.

एक शंका आहे. मी ॲप टाकलं नाही, तरी घरात दुसऱ्या कशातून हे चालू असेल का? सासूबाईंसाठी गेल्या वर्षी ऑनलाइन एक स्वस्तातला टीव्ही बॉक्स घेतला होता, नाव कधी न ऐकलेलं. "सगळे चॅनल फुकट" म्हणून. वर होलाचं वाचलं तेव्हापासून तो डोळ्यांसमोर येतोय.


ऐरोलीकर
बुधवार, रात्री १०:४५

शंका अगदी रास्त आहे, आणि बरं झालं विचारलंत. माझ्या मते घरोघरी खरा प्रश्न हाच आहे. ॲप घेणारा निदान स्वतः ठरवून घेतो.

बॅडबॉक्स २.० नावाचं जाळं याच बॉक्सांवर उभं आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याबद्दल लोकांना इशारा दिला आणि जुलैमध्ये गूगलने ते चालवणाऱ्यांवर न्यायालयात दावा लावला. गूगलची प्रमाणित प्रणाली नसलेली एक कोटीहून जास्त अँड्रॉइड उपकरणं त्यात अडकली होती: टीव्ही बॉक्स, स्वस्त टॅब्लेट, प्रोजेक्टर. काहींमध्ये हे कारखान्यातूनच बसवून आलं होतं, काहींमध्ये पहिल्यांदा चालू करताना उतरवलेल्या ॲपमधून. आणि त्यांचा एक मोठा उपयोग हाच, घरगुती प्रॉक्सी म्हणून भाड्याने देणं.

तुम्ही एवढं करा. बॉक्स सुरू करताना प्ले स्टोअर सोडून दुसरं कुठलं दुकान वापरायला लावतो का, किंवा प्ले प्रोटेक्ट (गूगलची ॲप तपासणारी सोय) बंद करायला सांगतो का ते बघा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये "उपकरण प्रमाणित आहे का" हे लिहिलेलं असतं. मग राउटरच्या ॲपमध्ये जाऊन कोणतं उपकरण किती डेटा वर पाठवतंय ते रात्री सगळे झोपल्यावर बघा. टीव्ही बॉक्स डेटा खाली ओढतो, वर पाठवायला त्याच्याकडे फारसं काही नसतं. बंद असताना तो अपलोड करत असेल तर वायर काढा. असा बॉक्स रीसेट करून स्वच्छ होतो असं समजू नका. गडबड मुळातच बसवलेली असेल तर रीसेटनंतर ती तिथेच राहते. सासूबाईंना एखादी नावाजलेली स्टिक घेऊन द्या.

फोनवर फुकट व्हीपीएन, वॉलपेपर, टॉर्च असल्या ॲपमध्येही असे प्रॉक्सीचे तुकडे घातलेले सापडले आहेत. सेटिंगमधल्या डेटा-वापराच्या पानावर, मागच्या बाजूने कोण किती वापरतं ते दिसतं. कंटाळवाणं आहे, पण बघा.


झेरॉक्सचं दुकान_दिवा
गुरुवार, सकाळी ११:००

माझं स्टेशनजवळ झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान आहे. गिऱ्हाइकं फॉर्म भरायला येतात, वाय-फाय मागतात. मला कायदेशीररीत्या इंटरनेट विकून चार पैसे मिळवता येतील का? की तेही बंदच?


ऐरोलीकर
गुरुवार, दुपारी १:१०

तुम्हाला येतील, आणि सरकारने त्यासाठी वेगळी योजनाच केली आहे. पीएम-वाणी. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केली. दुकानदार यात सार्वजनिक डेटा ऑफिस, म्हणजे पीडीओ होतो. जुन्या पीसीओच्या धर्तीवर. पीडीओला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, शुल्क नाही. तुमच्यावर एक ॲग्रिगेटर असतो, त्याची नोंदणी दूरसंचार विभागाकडे असते. ग्राहकाची ओळख पडताळणं आणि हिशेब ही कामं त्याच्याकडून होतात. ग्राहक मोबाइलवरच्या ॲपमधून पाच-दहा रुपयांचं पॅक घेतो, तुमचा वाटा तुम्हाला मिळतो.

या ॲपवाल्यांत आणि यात मला महत्त्वाचा वाटणारा फरक म्हणजे कोण, कधी आत आला याची नोंद असते आणि तुमच्या अंगावर संशय येत नाही. पूर्वी अडचण अशी होती की कंपन्या पीडीओला महागडी लीज्ड लाइन (खास राखीव जोडणी) घ्यायला लावत. जून २०२५ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामक) आदेश काढला की २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन पीडीओलाही द्यायचे आणि दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त लावायचा नाही. म्हणजे घरी ६९९ चा प्लॅन असेल तर तुम्हाला जास्तीत जास्त १३९८, अधिक जीएसटी. दिवा स्टेशनजवळ माणसांची वर्दळ आहे, गणित मांडून बघा. फार मोठी कमाई होईल असं मी म्हणणार नाही. लोकांच्या मोबाइलमध्ये आज भरपूर डेटा असतो. पण फॉर्म, हॉल तिकीट, निकाल अशा दिवसांत गिऱ्हाईक तुमच्याकडे थांबेल. घरगुती कनेक्शनवर मात्र हे करू नका, पीडीओ म्हणून वेगळं घ्या.


सीए_पाचपाखाडी
गुरुवार, रात्री ८:३०

कराचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून थोडक्यात. ॲपमधून मिळालेले डॉलर हे उत्पन्नच आहे, रक्कम लहान असली तरी विवरणपत्रात "इतर स्रोत" मध्ये दाखवा. काही ॲप पैशाऐवजी क्रिप्टो टोकन देतात. ते विकून झालेल्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून सरसकट ३० टक्के कर आहे, तोटा दुसरीकडे वळता करता येत नाही. आणि सर्वात जपायचं ते हे: टोकन विकताना टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाला देऊन खात्यात थेट रुपये घेऊ नका. त्याने पाठवलेले पैसे फसवणुकीतले निघाले तर तुमचं बँक खातं गोठतं. पगार, ईएमआय, सगळं अडकतं. अशी माणसं मी माझ्या टेबलासमोर रडताना बघितली आहेत, रक्कम असते अगदी किरकोळ.


ढोकाळीची मीनल
शुक्रवार, रात्री ९:१५

कळवते. टीव्ही बॉक्स प्रमाणित नाही असंच निघालं. काढून ठेवलाय. सासूबाई दोन दिवस नाराज होत्या, आता नवी स्टिक आणली आहे.

आणि प्लॅनचं. यांनी कागद घेऊन मांडलं. एका वेळी दोन व्हिडिओ कॉल, एक मालिका आणि लेकीचा क्लास, सगळं मिळून ५० एमबीपीएससुद्धा लागत नाही. ३०० आम्ही घेतलं कशाला, तर विकणाऱ्याने तसं सांगितलं म्हणून. पुढच्या महिन्यापासून १०० चा ६९९ वाला घेतोय. फरक ८०० रुपयांचा, जीएसटी धरून ९४४. काही ओटीटी जातील त्यात, ती कुणी बघतच नव्हतं. बी विंगमधल्या दोघींनाही हा धागा पाठवलाय. एकीने ॲप काढलं, दुसरी म्हणते वीस डॉलर जमेपर्यंत थांबते.


वकील_नौपाडा
शुक्रवार, रात्री १०:००

दुसरीला सांगा, थांबू नको. वीस डॉलर म्हणजे अठराशे रुपये. एकदा नोटीस आली की वकिलाची पहिली भेट त्यातच जाईल.


निखिल_कोपरखैरणे
शुक्रवार, रात्री १०:५०

मीपण काढतोय. बाबांना आज सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले उद्याच काढ. नुसतं अनइन्स्टॉल केलं की झालं ना, दादा?


ऐरोलीकर
शनिवार, सकाळी ७:४०

नुसतं तेवढं नको. आधी ॲपमध्ये जाऊन खातं बंद कर आणि तुझी माहिती पुसायला सांग, मग अनइन्स्टॉल कर. त्याच खात्यावर लॅपटॉपवर किंवा ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन टाकलं असशील तर तेही काढ, लोक हे हमखास विसरतात. फोन फॅक्टरी रीसेट केलास तर उत्तम, तसाही तो कपाटावरच असतो. राउटर थोडा वेळ बंद करून चालू कर. तुमच्या कंपनीचा आयपी बदलता असेल तर नवा मिळेल. राउटरचा पासवर्ड बदल.

आणि वकीलताईंनी सांगितलं असतं तेच मी सांगतो: ॲप कधी टाकलं, कधी काढलं, पैसे कधी आले, त्याचे ईमेल आणि स्क्रीनशॉट पुसू नकोस. एका फोल्डरमध्ये ठेव, बाबांनाही दाखवून ठेव. इंटरनेट कंपनीकडे नोंद किमान दोन वर्षं राहते, तेव्हा तू निदान तेवढा काळ ते जपून ठेव.


वकील_नौपाडा
शनिवार, सकाळी ९:०५

ऐरोलीकरांच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. कधी कुणाचा फोन आलाच, तर फोनवर "केस मिटवतो" म्हणून पैसे मागणाऱ्याला काही देऊ नका. खरी नोटीस लेखी येते, तीवर पोलीस ठाण्याचं नाव आणि अधिकाऱ्याचं पद असतं; त्या ठाण्याचा नंबर स्वतः शोधून खात्री करून घ्या. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर कळवा.